पत्त्यासकट कविता

शुक्रवार, ६ सप्टेंबर २०१९

"तू गणपतीला आलायस की तुरुंग बघायला?" मावसभावाने सकाळी चहा गाळता गाळता विचारलं.

लंडनच्या हाउन्स्लोला त्याचं घर. घरात दहा दिवसांचा गणपती. आदल्या रात्री मी फ्रिजवर चिकटवलेली यादी त्याने वाचली होती: ब्रिक्स्टन मार्केट, रेल्टन रोड, जेब अव्हेन्यू, न्यू क्रॉस, साउथॉल. राणीचा वाडा नाही, मोठा पाळणा नाही, लॉर्ड्ससुद्धा नाही. "पंचवीस वर्षं झाली मला इथे," तो म्हणाला, "ब्रिक्स्टनला एकदाच गेलोय. तेही गाडी बंद पडली म्हणून."

यादी खरं तर माझी नव्हतीच. लिंटन क्वेसी जॉन्सन या लंडनच्या जमैकन कवीच्या कवितांतले पत्ते मी फक्त उतरवून घेतले होते.

नव्वदच्या दशकात पुण्यात आमचा पथनाट्याचा एक गट होता. मी ढोलकी वाजवायचो, बरी वाजवायचो. गटातल्या एकाने कुणाकडून तरी उतरवून आणलेली कॅसेट दिली. वर बॉलपेनने फक्त "एलकेजे" लिहिलेलं. मला वाटलं भाचरांसाठी बालवाडीची गाणी भरलीयत, लिहिणाऱ्याचा 'जी'चा 'जे' झालाय. घरी लावली तर आधी आला बेस गिटारचा आवाज. पोटात बसणारा, संथ, स्वतःशीच चालत असल्यासारखा. मग एक माणूस बोलायला लागला. गात नव्हता, ओरडतही नव्हता. दुकानदार हिशोब वाचून दाखवतो तसा सपाट आवाज, पण बेसच्या पावलाला एक पाऊलही चुकत नव्हता. भाषा इंग्रजी असावी असा संशय येत होता, दहातला एक शब्द कळत होता. पुढे अर्थ लागत गेला, तशी एक गोष्ट लक्षात आली. या माणसाच्या कवितेत रस्त्याचं नाव असतं, साल असतं, मेलेल्याचं नाव असतं. आपल्या पोवाड्यात शाहीर गाव सांगतो, प्रसंग सांगतो, शेवटी स्वतःचं नाव सांगतो, तसंच. पंचनाम्यासारखी कविता, आणि ती नाचता येईल अशी. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा हे पत्ते पायाखाली घालायचे.

तर ब्रिक्स्टन. पिकॅडिली लाइनने ग्रीन पार्क, तिथे व्हिक्टोरिया लाइन, आणि ती जिथे संपते ते स्टेशन. बाहेर आल्या आल्या उदबत्तीचा वास, मायक्रोफोनवर येशूचा पुकारा करणारी एक बाई, आणि समोरच्या भिंतीवर डेव्हिड बोवीचा प्रचंड चेहरा. तो इथलाच. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते. माझ्या कवीची भिंत कुठे दिसली नाही.

वळलं की इलेक्ट्रिक अव्हेन्यू. १८८०च्या दशकात विजेचे दिवे लागलेला बाजाररस्ता, म्हणून हे नाव. आज तिथे आपल्या सुरणाच्या चुलतभावासारखे याम, हिरवी काळी प्लॅन्टेन केळी, आणि खारवलेला कॉड मासा. त्याच्या वासाने मी थेट मालवणच्या सुकटीच्या बाजारात पोचलो. एका गाड्यावर बसक्या कंदिलासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या मिरच्या होत्या, स्कॉच बॉनेट. वहिनींसाठी मूठभर घेतल्या. गाड्यावरच्या आजीबाईंनी पिशवी देताना माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या पिशवीची गाठ दोनदा मारली.

याच बाजारात, नोव्हेंबर १९७२ मध्ये, वीस वर्षांच्या लिंटनने पोलिसांना एका काळ्या पोराला धरताना पाहिलं. तो तेव्हा ब्रिटिश ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा कार्यकर्ता होता. अशा वेळी काय करायचं याची तिथे शिकवणूक मिळे: पोलिसांचे बिल्ले नंबर लिहून घ्यायचे. तो लिहायला लागला. त्यांनी त्यालाच गाडीत कोंबलं, गाडीत मारलं, आणि पोलिसांवर हल्ला केल्याचा आरोप त्याच्यावरच ठेवला. खटल्यात तो सुटला. मला यातली मारहाण आठवत राहत नाही, ती आपल्याकडेही नवी नाही. आठवत राहतो तो कागद. आकडे नीट उतरवून घेणारा एक वीस वर्षांचा पोरगा. पुढे तो कवितेतही तेच करत राहिला असं मला वाटतं.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दोन संघटना, एक इथे, एक तिथे. एकमेकांची खबर त्यांना कितपत होती, देव जाणे.

बाजार संपला की विंडरश स्क्वेअर. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' बोट कॅरिबियन बेटांवरच्या लोकांना घेऊन टिलबरी बंदराला लागली. ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांना क्लॅपहमच्या युद्धकाळातल्या भुयारात ठेवलं. तिथून सगळ्यात जवळचं रोजगार केंद्र ब्रिक्स्टनला कोल्डहार्बर लेनवर होतं. एवढ्याशा सोयीमुळे ब्रिक्स्टन हे ब्रिक्स्टन झालं. लिंटनची आई नंतरच्या लाटेतली. तो जमैकातल्या क्लॅरेंडन परगण्यात चॅपल्टन या गावी २४ ऑगस्ट १९५२ ला जन्मला. आई इंग्लंडला गेली तेव्हा आजीजवळ डोंगराखालच्या शेतकरी वस्तीत राहिला. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिला बायबल वाचून दाखवायचा. मोठ्याने, रोज. नातवाकडून पोथी वाचून घेणारी आजी आपल्याला काही परकी नाही. अकराव्या वर्षी, १९६३ मध्ये, तो आईकडे इथे आला.

चौकातल्या बाकावर बसून डबा खाल्ला. साबुदाण्याची खिचडी. शेजारच्या कबुतरांनाही आवडली.

शनिवार, ७ सप्टेंबर

आज पुन्हा तिकडेच. भाऊ म्हणाला, "येतो, शनिवार आहे," आणि मग क्रिकेट लागल्यावर आला नाही. ॲशेसची चौथी कसोटी होती, त्यामुळे त्याला दोष देत नाही.

रेल्टन रोड म्हणजे ब्रिक्स्टनहून हर्न हिलकडे जाणारा दुतर्फा घरांचा साधा रस्ता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत याला 'फ्रंटलाइन' म्हणत. आता खिडक्यांत कुंड्या आहेत, एका दारात मुलांची महागडी सायकल. १६५ नंबरच्या घरावर निळी पाटी आहे, सी. एल. आर. जेम्स यांची. क्रिकेटवर लिहिणाऱ्यांत ज्यांच्यापुढे सगळे वाकतात ते त्रिनिदादचे विचारवंत शेवटची वर्षं इथे वरच्या मजल्यावर राहिले, १९८९ मध्ये इथेच गेले. खाली 'रेस टुडे' मासिकाचं ऑफिस. संपादक डार्कस हाउ. लिंटनच्या सुरुवातीच्या कविता याच मासिकात छापून आल्या, १९७४ मध्ये पहिलं छोटं पुस्तकही याच लोकांनी काढलं. तो मासिकाच्या मंडळातच होता.

आणि याच मंडळात एक पुणेकर होते. फारुख धोंडी. पुण्यात जन्मले, वाढले, केंब्रिजला शिकायला आले आणि लंडनच्या शाळांत मास्तरकी करता करता ब्लॅक पँथरमध्ये गेले. १९७३ मध्ये याच रेल्टन रोडवर पँथरच्या पुस्तकाच्या दुकानावर कुणीतरी पेटता बॉम्ब टाकला, तेव्हा धोंडी वरच्या मजल्यावर झोपलेले होते. खिडकीतून उडी मारून वाचले. आशियाई माणूस ब्लॅक पँथर कसा, असं आज कुणी विचारेल. तेव्हाच्या लंडनमध्ये 'ब्लॅक' हा रंग नव्हता, बाजू होती. पुढे धोंडी चॅनल फोरवर कार्यक्रम ठरवण्याच्या खुर्चीत बसले, आणि १९८५ ते १९८८ या काळात लिंटन त्याच वाहिनीच्या 'बांडुंग फाइल' या कार्यक्रमाचा वार्ताहर होता. म्हणजे कवी टीव्हीसाठी बातम्या गोळा करत होता. मला त्यात काही विसंगत दिसत नाही.

निळ्या पाटीचा फोटो काढत होतो तर एक म्हातारबाबा थांबले. डोक्यावर विणलेली टोपी, हातात दुधाची पिशवी. "इंडियाहून? क्रिकेट?" मी म्हटलं, कविता. कवीचं नाव सांगितलं. त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एका पायाने फरशीवर ताल धरला आणि दोनच ओळी म्हटल्या, अगदी त्या सपाट आवाजात. मग "देवाची कृपा असो" म्हणून चालते झाले. इथे पुतळा नसला तरी चालेल.

इथून टल्स हिलच्या बाजूने वर गेलो. तो शिकला ती टल्स हिल शाळा १९९० मध्येच बंद झाली, त्यामुळे तिथे बघण्यासारखं काही नाही. शाळेत त्याला मागच्या रांगेतला धरत. वाचायची गोडी लागली ती पँथरच्या युवा शाखेत. तिथे काळ्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं असतात हेच त्याला पहिल्यांदा कळलं, आणि त्यातून तो लिहायला लागला.

दुपारी जेब अव्हेन्यू. ब्रिक्स्टन हिलवरून आत शिरणारी गल्ली, टोकाला तुरुंगाचं फाटक, उंच विटकरी भिंत. फाटकाजवळ भेटीला आलेल्या बायका, एकीच्या कडेवर बाळ. मी लांबच उभा राहिलो. बघ्यासारखं वाटायला लागलं होतं.

शाळेत असताना ब्रिक्स्टन हे नाव मी सावरकरांच्या धड्यात ऐकलं होतं. मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना पकडलं आणि याच तुरुंगात ठेवलं. जुलैत मोरिया बोटीवर चढवलं, मग मार्सेलिसची ती उडी. या भिंतीआड असताना त्यांनी आपल्या थोरल्या वहिनींना पत्र लिहिलं ते कवितेत. मराठी वाचणाऱ्याला हे माहीत असतं.

आणि १९७९ मध्ये लिंटनच्या ध्वनिमुद्रिकेत एक कविता आली, तीही ब्रिक्स्टन तुरुंगातून घरच्या बाईमाणसाला लिहिलेलं पत्रच आहे. आपण शाळेत उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहायचो तशी ती पत्त्याने सुरू होते: तुरुंग, जेब अव्हेन्यू, लंडन. सनी नावाचा पोरगा आईला लिहितो. धाकट्या जिमला सांभाळीन असं तुला वचन दिलं होतं, ते पाळता आलं नाही. बसस्टॉपवर उभे होतो, पोलिसांची गाडी थांबली, जिमला धरलं, मारायला लागले, मला बघवेना, मी मध्ये पडलो, एक पोलीस मेला. जिमवर संशयाचा आरोप, माझ्यावर खुनाचा. खाली सही.

दोन्ही पत्रं लिहिणाऱ्यांचं राजकारण एकमेकांपासून कोसो दूर आहे, त्यांना एका पंगतीत बसवायचा माझा इरादा नाही. सनी तर कवीने रचलेला पोरगा आहे. पण एकाच भिंतीआडून, सत्तर वर्षांच्या अंतराने, एक कविता मराठीत निघाली आणि एक जमैकाच्या बोलीत, दोन्ही घरच्या पत्त्यावर. फाटकासमोर उभं राहून मला हेच सुचत होतं.

तो 'संशय' काय होता, हे सांगायला हवं. १८२४चा भटक्यांविषयीचा कायदा. त्याच्या चौथ्या कलमाखाली 'याचा गुन्हा करण्याचा इरादा दिसतो' एवढ्यावर पोलीस कुणालाही उचलू शकत. तक्रारदार नको, चोरीचा माल नको. दोन पोलिसांची साक्ष पुरे. लोक त्याला नुसतं 'सस' म्हणत. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा आणला, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आपले भटके-विमुक्त तो दिवस पाळतात. लिंटन तेव्हा आठवड्याचं बाळ होता. त्याच्या वाट्याचा संशय रद्द व्हायला मात्र १९८१चा ऑगस्ट उजाडला, आणि त्याआधी ब्रिक्स्टन पेटून गेलं होतं. त्या एप्रिलमध्ये पोलिसांनी 'स्वॉम्प ८१' नावाची मोहीम काढून थोड्याच दिवसांत हजाराच्या आसपास लोक रस्त्यात थांबवून झडत्या घेतल्या. १० ते १२ एप्रिल रेल्टन रोड जळत होता.

रविवार, ८ सप्टेंबर

पाय दुखतायत. घरीच.

सकाळी वहिनींनी त्या पिवळ्या मिरच्यांचा ठेचा केला. मी सावध केलं होतं. "भावोजी, मी कोल्हापूरची आहे," त्या म्हणाल्या आणि भाकरीला नेहमीसारखा ठेचा लावला. पुढची वीस मिनिटं स्वयंपाकघरात कुणी बोललं नाही. मग भावाने दह्याचं भांडं मधोमध ठेवलं.

संध्याकाळी त्यांनीच विचारलं, तुमचा तो कवी लावा तरी. वहिनी गाणं शिकलेल्या, विशारदपर्यंत. मी १९८०ची एक ध्वनिमुद्रिका लावली. त्या डोळे मिटून मांडीवर मात्रा मोजत बसल्या. एकदा चुकल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकल्या.

"याची सम कुठाय?"

हाच प्रश्न मला पंचवीस वर्षांपूर्वी पडला होता. रेगे या जमैकन संगीतात चार मात्रा असतात आणि ढोलकीवाला जिथे हक्काने थाप मारेल ती पहिली मात्रा मोकळी सोडतात. ठोका पडतो तिसरीवर. त्याला ते 'वन ड्रॉप' म्हणतात, एक गाळलेली. आपल्या कानाला पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं होतं. त्या मोकळ्या जागेवरून बेस चालतो, आणि बेसच्या खांद्यावर हात ठेवून लिंटनचे शब्द चालतात.

तो बेस बऱ्याचदा त्याच्याच डोक्यातला असतो. कविता लिहितानाच ती चाल त्याच्या कानात वाजत असते. शाळेत शिकवलेलं इंग्रजी वृत्त त्याला आपल्या बोलीत बसेना, म्हणून त्याने बेसलाच वृत्त केलं. बोली तशीच लिहिली, उच्चाराप्रमाणे. वाद्यमेळाचं काम बार्बेडोसहून आलेल्या डेनिस बोव्हेलचं. दोघांची जोडी १९७८च्या 'ड्रेड बीट ॲन ब्लड'पासूनची. त्या मुद्रिकेवर लिंटनचं नाव नव्हतं, 'पोएट अँड द रूट्स' एवढंच होतं. ज्या कंपनीने ती काढली तिच्यासाठी तो त्याआधी रेगे गायकांच्या जाहिराती आणि परिचय लिहून पोट भरत होता. समाजशास्त्राची पदवी होती, पण त्याने काय होतंय.

'डब' म्हणजे काय तेही वहिनींना सांगितलं. जमैकात तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्यातला गायकाचा आवाज काढून नुसता ढोल आणि बेस ठेवत, आणि डीजे त्या रिकाम्या जागेत स्वतःचं बोलणं भरत. लिंटनने या डीजे लोकांच्या बोलण्याला कविता म्हटलं, 'डब पोएट्री' हा शब्द त्याने त्यांच्यासाठी वापरला होता. लोकांनी तो उलटा त्यालाच चिकटवला.

"म्हणजे गाणं नाहीच हे," वहिनी म्हणाल्या. "कीर्तनातलं निरूपण आहे. गाणं थांबतं आणि बुवा बोलायला लागतात, पण मागे मृदंग चालूच असतो ना, तसं."

मी इतकी वर्षं ढोलकीच्या चष्म्यातून बघत होतो. हे सुचलं नव्हतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

न्यू क्रॉसला दोन स्टेशनं आहेत. न्यू क्रॉस आणि न्यू क्रॉस गेट. मी अर्थातच नको त्यावर उतरलो. चुकलो ते बरं झालं, कारण त्यामुळे वाटेत गोल्डस्मिथ्स कॉलेज लागलं. लिंटन इथूनच पदवीधर झाला. नवे विद्यार्थी सामानाच्या बॅगा ओढत येत होते, आईबाप मागून उशा घेऊन.

तिथून न्यू क्रॉस रोडने डेप्टफर्डच्या दिशेने सरळ चालत गेलं की ४३९ नंबरचं घर येतं. तीन मजली, रांगेतल्या इतर घरांसारखं घर. निळी पाटी नसती तर पुढे निघून गेलो असतो.

१७ जानेवारी १९८१ च्या रात्री इथे वाढदिवसाची पार्टी होती. सोळा वर्षांच्या मुलीचा. उत्तररात्र उलटून १८ तारीख उजाडता उजाडता आग लागली. तेरा पोरं गेली, बहुतेक पंधरा ते वीस वयाची. वाढदिवसाची मुलगी गेली, तिचा भाऊही गेला. त्या रात्री वाचलेला एक जण दोन वर्षांनी गेला. राणीचा दुखवट्याचा संदेश आला नाही, पंतप्रधानांचा आला नाही. "तेरा गेले, कुणी नाही बोलले" अशा अर्थाची घोषणा तेव्हा भिंतींवर आली. आग कशी लागली? त्याच वर्षी चौकशी बसली, २००४ मध्ये पुन्हा बसली, आणि दोन्ही वेळा निकालाच्या कागदावर आलं ते एवढंच की कारण निश्चित सांगता येत नाही.

घराच्या खिडकीत पडदे होते. कुणीतरी राहतं. दाराशी कचऱ्याचा डबा. समोर बसस्टॉपवर शाळेतली दोन पोरं एका फोनवर एक-एक इअरफोन लावून काहीतरी ऐकत होती, मान डोलावत होती. मी फोटो काढला नाही.

या आगीवर लिंटनची जी कविता आहे ती १९८४च्या मुद्रिकेत आली. तिची रचना मला कधीच पूर्ण पचलेली नाही. आधी पार्टीचा ठेका, पोरंपोरी नाचतायत, बेस हसतोय. मग एकदम वाद्यं बाजूला होतात आणि तो साध्या आवाजात, जवळजवळ गद्यात, तुला आठवतं का असं विचारतो. मग पुन्हा ठेका. पुन्हा थांबणं. ऐकणाऱ्याला कळत नाही की आता पाय हलवायचा की नाही. आगीत सापडलेल्या पार्टीची दुसरी कुठली चाल असू शकते? निकालाच्या कागदावर जिथे रेघ ओढून जागा सोडली होती, तिथे या कवितेत प्रश्न आहेत.

आग लागल्यानंतर जी कृती समिती झाली तिचे अध्यक्ष जॉन ला रोज, आणि मोर्चाची बांधणी डार्कस हाउची. २ मार्च १९८१ ला मोर्चा निघाला. मुद्दाम सोमवार निवडला, कामाचा दिवस. सुमारे २०,००० लोक. स्टेशनच्या मागे फोर्डहॅम पार्क आहे, तिथून ब्लॅकफ्रायर्स पूल, फ्लीट स्ट्रीट आणि हाइड पार्क.

आज सोमवारच होता. मी ठरवलं की चालायचं.

सांगायला नको, ते काही झेपलं नाही. फोर्डहॅम पार्कात एक माणूस कुत्र्याला चेंडू टाकत होता. तिथून निघालो, जुना केंट रोड धरला, पाऊस आला, बुटात पाणी गेलं, डाव्या टाचेला फोड आला. ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत लंगडत पोचलो. या पुलावर पोलिसांनी मोर्चा अडवायचा प्रयत्न केला होता आणि लोक रेटून पार गेले होते. मला अडवायला कुणी नव्हतं, तरी मी पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून वीस मिनिटं बसलो. फ्लीट स्ट्रीटवर तेव्हा वर्तमानपत्रांची ऑफिसं होती. वरच्या खिडक्यांतून मोर्चावर शेरेबाजी झाली असं मोर्चातले लोक सांगतात, आणि दुसऱ्या दिवशीचे मथळेही त्याच सुरातले होते. आता तिथे बँका आणि कॉफीची दुकानं. हाइड पार्कला बसने गेलो. त्या २०,००० लोकांनी मला माफ करावं.

रात्री भावाने गरम पाण्याची बादली आणून पायाशी ठेवली. काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेरा?" मी म्हटलं, तेरा. "त्या साली मी दहावीला होतो. आपल्याकडे पेपरात आलं असेल का रे?" मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

फोडामुळे बसल्या जागी होईल एवढंच. पिकॅडिली लाइनने सरळ फिन्सबरी पार्क. स्ट्राउड ग्रीन रोडवर ७६ नंबरला न्यू बीकन बुक्स. जॉन ला रोज आणि सारा व्हाइट यांनी १९६६ मध्ये सुरू केलेलं प्रकाशन. तरुण लिंटनला पुस्तकं आणि माणसं दोन्ही देणारा हा ला रोज. लहानसं दुकान. पेंग्विनने काढलेला लिंटनचा संग्रह घेतला. २००२ मध्ये त्यांच्या आधुनिक अभिजात मालेत तो आला तेव्हा हयात कवींपैकी दुसराच आणि काळ्या कवींपैकी पहिला. पहिला हयात कवी चेस्वाव मिवोश. म्हणजे नोबेलवाल्या पोलिश कवीच्या शेजारी ब्रिक्स्टन बाजाराची बोली, स्पेलिंगसकट, एक अक्षर न सुधारता. आमच्या मराठीच्या मास्तरांनी "हे अशुद्ध आहे" म्हणून लाल रेघा मारलेल्या वह्या मला आठवल्या.

बुधवार, ११ सप्टेंबर

उद्या अनंत चतुर्दशी. वहिनींना नारळ, विड्याची पानं आणि गुळाची भेली हवी होती. त्यासाठी साउथॉल. मला साउथॉल हवंच होतं. भाऊ म्हणाला, "शेवटी दोघांचं जमलं एकदाचं."

बसमधून उतरलो आणि जिलबीच्या वासाने लंडन संपलं. वहिनी पानांची घासाघीस करत होत्या, तेवढ्यात मी टाउन हॉल गाठला. २३ एप्रिल १९७९ ला इथे नॅशनल फ्रंट या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या पक्षाची निवडणूक सभा होती. शिखांच्या, गुजरात्यांच्या, पाकिस्तान्यांच्या या वस्तीत, मुद्दाम. हजारो लोक विरोध करायला उतरले. त्यांत ब्लेअर पीच होता, न्यूझीलंडहून आलेला ३३ वर्षांचा शाळामास्तर. बाजूच्या रस्त्यावर त्याच्या डोक्यात घाव बसला, त्याच रात्री तो गेला. पोलिसांच्याच अंतर्गत अहवालाने म्हटलं होतं की घाव बहुधा पोलिसाचाच. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१० मध्ये, एकतीस वर्षांनी. आरोपी कुणीच झालं नाही. लिंटनची त्याच्यावरची कविता १९८० मध्येच आली होती. त्याच दिवशी पार्क व्ह्यू रोडवरच्या घरात 'मिस्टी इन रूट्स' या इथल्या रेगे बँडच्या व्यवस्थापकाचंही डोकं फोडलं, तो बेशुद्धीत गेला. वाचला.

पीचचं शव डोमिनियन थिएटरमध्ये ठेवलं होतं. एरवी हिंदी सिनेमे लागायचे तिथे. हजारो पंजाबी बायाबापड्या रांगेने दर्शन घेऊन गेल्या. गोरा मास्तर, पंजाबी रांग, आणि त्याच्यावर शोकगीत रचणारा जमैकाचा कवी.

टाउन हॉलवरच्या पीचच्या पाटीसमोर उभा होतो तर मागून वहिनी आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. पाटी वाचली, नाव पुन्हा एकदा वाचलं. पिशव्या खाली ठेवल्या. नारळांतला एक काढून पाटीखाली ठेवावा की काय असा त्यांचा विचार दिसला. मग म्हणाल्या, "नको, कचरा केला म्हणून धरतील." आणि पिशव्या उचलल्या.

गुरुवार, १२ सप्टेंबर

संध्याकाळी शेवटची आरती. शेजारची दोन कुटुंबं, एक तेलुगू जोडपं, आणि भावाच्या ऑफिसातला एक पोलिश गृहस्थ, ज्याला मोदक भयंकर आवडतात. भावाने कपाटावरून ढोलकी काढली. तिच्यावर वर्षभर इस्त्रीचे शर्ट असतात. शाई सुकलेली, वादी सैल. तासभर ठोकून ठोकून जरा सुरात आणली.

पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्याला हात आपोआप थांबला. पहिली मात्रा आली, मी सोडली. तिसरीवर थाप. पुन्हा सोडली. भावाची टाळी हवेत राहिली. पोलिश गृहस्थ मात्र एकदम मान हलवायला लागले, त्यांना काहीतरी ओळखीचं सापडलं होतं. तेलुगू बाईंची घंटा दोनदा चुकीच्या जागी वाजली.

वहिनींनी झांज छातीशी धरून थांबवली, गणपतीकडे बघतच हळू म्हणाल्या, "भावोजी, विसर्जनापर्यंत तरी सम देवाला राहू द्या."

पुढचं कडवं मी सरळ वाजवलं. त्या मात्र झांजेवर तिसरीच धरून होत्या.